तरुण कळप

भिंतीएवढ्या पडद्यावर दोन रकाने होते. डावीकडे बोकड, उजवीकडे गवत. बोकडाच्या रकान्यातलं सगळं हिरव्या अक्षरांत होतं, गवताच्या रकान्यातलं लाल. पडद्यासमोर डॉ. वत्सला खैरमोडे अशा उभ्या होत्या की बघणाऱ्याला वाटावं, आता बाई हातातला कप त्यावर भिरकावणार. तो भिरकावला नाही, कारण त्यात गरम चहा होता आणि मोरधारच्या पठारावर जानेवारीत गरम चहा कुणी वाया घालवत नाही.

"याला तुम्ही तुलना म्हणता?" त्यांनी वळून विचारलं.

"मी नाही, जोडतुला म्हणते," डॉ. निरंजन टिपणीस हसून म्हणाले. ते या पर्वतजीव केंद्राचे संचालक. माणूस गोड बोलणारा, आणि वत्सलाबाईंना नेमका त्याचाच राग येई. त्यांच्याशी भांडायला जावं तर समोरून भांडण यायचंच नाही.

जोडतुला हे केंद्रातलं गणकयंत्र. त्याला कोणतेही दोन जीव द्यावेत. कोण कुणाला किती छळतो, कोणामुळे कोण मरतो याचा विचार करून ते एकाला 'पीडित' ठरवतं आणि दुसऱ्याला 'पीडक'. मग पीडकात काय बदल केला तर पीडित सुखी होईल, तेही सांगतं. सरकारला असली यंत्रं फार आवडतात. निर्णय यंत्रानं दिला की तो कुणाच्या अंगावर येत नाही.

उद्या राजधानीतून समिती येणार होती आणि टिपणीसांची भाषणाची तालीम चालली होती. ऐकायला दोघंच होती. गवताच्या अभ्यासात हयात घालवलेल्या वत्सलाबाई आणि केंद्राचे पशुवैद्य झुबेर मुल्ला.

"तर मंडळी," टिपणीसांनी घसा साफ केला, "नीलगिरी ताहर हा दक्षिणेतल्या उंच डोंगरांवरचा रानबोकड. तिथले माळ परदेशी झाडांनी गिळले, म्हणून बारा वर्षांपूर्वी त्याचा एक कळप आपण इथे सह्याद्रीत आणला. सोबत त्याचं आवडतं गवतही आणलं, कडेकुसळी. माळावरच्या कुसळीची ही चुलत बहीण, फक्त उंच कड्यांवर उगवणारी. पहिल्या तीन वर्षांत करडांनी पठार गजबजलं. तरी मोठी जनावरं नवव्या-दहाव्या वर्षी मरत होती. कशानं? डॉ. मुल्ला, तुम्ही सांगायचं."

"दातांनी," मुल्ला पाठ केल्यासारखे म्हणाले. "गवताच्या पात्यात वाळूचे बारीक कण असतात, सिकताकण. गवत ते मातीतून शोषून पात्यात साठवतं. रोज चावून चावून दात घासले जातात. कानसच ती. दात संपले की जनावर चारा तोंडात धरून उपाशी मरतं."

"शिवाय त्याची कुसळं ओठांत आणि हिरड्यांत रुततात. शिवाय उन्हाळ्यात ते वाळून काठीसारखं होतं आणि दोन महिने उपासमार. म्हणजे पीडित कोण? बोकड. पीडक कोण?"

"गवत," वत्सलाबाई म्हणाल्या. "चोर, दरोडेखोर, नराधम गवत. पुढे बोला."

टिपणीस पुढे बोलले. नऊ वर्षांपूर्वी केंद्रानं कडेकुसळीची जनुकं बदलून मृदुतृण बनवलं होतं. त्यात सिकताकण नाहीत, कुसळ नाही, आणि ते बारा महिने हिरवं. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक त्याला लोणीगवत म्हणत. त्याचे परागकण जुन्या गवतावर पडले की पुढचं बी मऊच निघे, त्यामुळे जुनं गवत आपोआप संपत जाई. पठारभर ते पेरलं आणि कळपाचं नशीब पालटलं. मिठाच्या चाटणीपाशी कॅमेरे लावले होते. जनावर मीठ चाटायला तोंड उघडी तेव्हा कॅमेरा दात बघे, शिंगांवरची कडी मोजे आणि वय सांगे. कळपाचं सरासरी वय आधी सहा होतं, मग पाच झालं, मग चार. आता अडीच.

"शंभरावर जनावरं आणि सरासरी वय अडीच वर्षं!" टिपणीसांचा आवाज खरोखर भरून आला. "आख्ख्या जगात इतका तरुण रानकळप दुसरा नाही. उद्या समितीनं होकार दिला की हेच बी दक्षिणेत जाईल, ताहरच्या माहेरी. फक्त अहवालावर दोन सह्या हव्यात. बोकडाच्या बाजूनं माझी, गवताच्या बाजूनं तुमची."

"माझ्या बाजूला काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

"मूळ कडेकुसळी, शिल्लक शून्य. हानी, नगण्य."

"एक जात मुळासकट संपली, ती नगण्य?"

"वत्सलाबाई, तिच्या जागी गवतच आलं ना? तेही जास्त चांगलं."

"कुणाला चांगलं? तुमच्या बोकडाला! गवताला विचारलंत? ते उभं राहतं सिकतेच्या जोरावर. तेच त्याचं हाड आणि तेच त्याचं हत्यार. ते काढून घेतलंत, त्याची कुसळं छाटलीत, त्याला आडवं पाडलंत आणि वर माझ्याकडून लिहून घेताय की त्याचं काही बिघडलं नाही? दोन रकाने आखले की दोन जीव वेगळे होतात असं वाटतं तुम्हाला?"

"सही तर करावीच लागेल," टिपणीस तितक्याच गोड आवाजात म्हणाले.

"न बघता शून्यावर सही करणार नाही मी. तुमची पेरणीयंत्रं पश्चिमेच्या कड्यावर पोचली नव्हती, आणि वारा तिकडूनच येतो म्हणून परागही नाहीत. तिथल्या पट्ट्यांवर जुनं गवत असेल. बघून येते."

आता मात्र टिपणीसांचा चेहरा बदलला. "कड्यावर नाही. विण्याचे दिवस आहेत. माद्या बिथरतील."

हा केंद्राचा लाडका नियम होता. रानजनावराला हात लावायचा नाही, कानात बिल्ले ठोकायचे नाहीत, आणि विण्याच्या दिवसांत कड्याकडे माणसानं किंवा ड्रोननं फिरकायचंही नाही. माद्या कड्यावरच्या अरुंद पट्ट्यांवर वितात आणि करडं वर्षाची होईपर्यंत खाली येत नाहीत, असं टिपणीसांच्याच पुस्तकात लिहिलेलं होतं. देशभरातून लोक हा नियम शिकायला मोरधारला येत.

वत्सलाबाईंनी कप टेबलावर आपटला, खुर्चीवरचा लोकरी स्वेटर उचलला आणि त्या बाहेर पडल्या.

कड्याच्या तोंडाशी वनरक्षक सुभद्रा झोरेनं त्यांना अडवलं. सुभद्रा शेजारच्या वाडीतली, धनगराची लेक, आणि केंद्राच्या गणवेशाचा तिला भारी अभिमान होता.

"म्याडम, हितनं म्होरं जायाचं न्हाई. सायबांनी लई सक्त सांगितलंया."

"सुभद्रा, यंदा किती करडं बघितलीस तू?"

"करडं कशी दिसत्याल? ती वरसाची झाल्याबिगर खाली येत न्हाईत. मिठावं आली की दिसत्यात."

"मग गेल्या वर्षी आली?"

"आली की. समदा कळप कसा तरनाबांड झालाय. पडद्यावं रोज दावत्यात न्हवं का." सुभद्रा कौतुकानं हसली. "आमच्या घरच्या शेरड्यांचं असं न्हाई बगा. त्यांच्यात निम्मी म्हातारीच."

वत्सलाबाईंनी तिला बाजूला सारलं. "साहेबांना सांग, मॅडमनी ढकललं मला."

"अवो, पडशीला! थांबा, मी बी येतो. तुमाला काय झालं तर माजी नोकरी जाईल."

जुन्या मोजणीच्या वेळी कड्याला बांधलेले दोर अजून शाबूत होते. साठीला आलेल्या बाईनं असले उद्योग करू नयेत हे वत्सलाबाईंना कळत होतं, पण राग अंगात असला की गुडघे दुखत नाहीत. पहिल्या पट्टीवर पाय टेकला आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

कडेकुसळी होती. गुडघ्याच्या वर, पिंगट, ताठ. वाऱ्यावर सळसळत नव्हती, खरखरत होती. नऊ वर्षं त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. त्यांनी हात पुढे केला तसं पात्याच्या धारेनं बोट कापलं, आणि त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्या फतकल मारून गवतात बसल्या. कुसळं स्वेटरमध्ये, सलवारीत, पायमोज्यांत शिरली. शिरू देत, म्हणाल्या. शून्य म्हणतायत मेले!

आनंद फार टिकला नाही. गवताच्या माणसाला गवत नुसतं बघता येत नाही, ते आपोआप वाचलं जातं. चरलेल्या गवताचे शेंडे बोथट असतात, बुंध्यातून आडवे फुटवे येतात, झुबका बुटका राहतो. इथल्या एकाही पात्याला दात लागलेला नव्हता. वत्सलाबाईंनी एक झुबका फाकवून बघितला. वर यंदाचं पिंगट गवत, त्याखाली गेल्या सालचं राखाडी, त्याखाली काळं, कुजकं, थरावर थर. बुंध्याशी आठ-नऊ थर तरी होते.

"सुभद्रा, माद्या इथेच वितात ना?"

"हितंच. ह्या कपारीमंदी. आन मग धा-पंधरा रोज हितनं हलत बी न्हाईत, फुडं येऊन-जाऊन."

"आणि खातात काय?"

"हितलंच गवात खायाचं. दुसरं काय खात्याल?"

मग सुभद्राही वाकून गवत बघू लागली. दोघींनी तीन-चार पट्ट्या पालथ्या घातल्या. कुठेही तुडवलेली जागा नव्हती. एक लेंडी नव्हती. विण्याच्या ऐन दिवसांत, जिथे पन्नासएक माद्या असायला हव्या होत्या तिथे नुसतं गवत उभं होतं.

शेवटच्या पट्टीखाली खडकांत एक ताहरची मादी मरून पडली होती. ताजी होती. अंगावर ना बिबट्याचा दात, ना पडल्याची जखम. नियम जिवंत जनावराला हात लावण्याविरुद्ध होता. दोघींनी ती दोराला बांधून वर ओढून घेतली.

संध्याकाळी वत्सलाबाई टिपणीसांच्या खोलीत शिरल्या तेव्हा त्यांच्या अंगावर अजून मूठभर कुसळं होती. "शून्य नाही," त्या म्हणाल्या. "पश्चिमेच्या पट्ट्यांवर मूळ कुसळी उभी आहे. सही करणार नाही. आणि तिथे तुमची एकही मादी नाही."

"तुम्ही गेलात म्हणून पळाल्या असतील," टिपणीस म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग होता. "मी तुम्हाला सांगितलं होतं."

"पळालेलं जनावर लेंड्या गोळा करून नेत नाही, सर."

टिपणीस खुर्चीतून उठले. ते खिडकीतून पश्चिमेकडे बघत राहिले. वत्सलाबाईंना वाटलं, विचार करताहेत. विचार ते करतच होते, फक्त कशाचा ते बाईंना दुसऱ्या दिवशी कळलं.

मुल्लांनी मादी टेबलावर घेतली. शिंगांवर दोन स्पष्ट कडी, तिसऱ्याची नुसती सुरुवात. दात लांब, धारदार, एखाद्या पाटीसारखे कोरे. "वय अडीच," ते सवयीनं म्हणाले. मग त्यांनी पायाचा सांधा उघडला आणि दिवा जवळ ओढला.

"मॅडम, हे बघा. हाडावर हाड घासलंय. माझ्या अम्मीचे गुडघे असे आहेत, आणि तिला आता जिना चढवत नाही."

"अडीच वर्षांच्या जनावराला संधिवात?"

"नसतो. हृदयही थकलेलं आहे. ही म्हातारी होऊन मेलीय." ते स्वतःच्या बोलण्यावर दचकले. "एक उपाय आहे. डोळ्याचं भिंग. त्याचा गाभा करडू आईच्या पोटात असतानाच बनतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. त्यातले रेणू वर्षागणिक एका ठरावीक गतीनं उलटतात. किती उलटले ते मोजलं की वय कळतं. त्याचा चाऱ्याशी संबंध नाही, दाताशी नाही, कशाशीच नाही. सकाळपर्यंत आकडा येईल."

सकाळी थंडी मी म्हणत होती. वत्सलाबाईंनी कालचाच कुसळांनी भरलेला स्वेटर अंगात घातला आणि प्रयोगशाळा गाठली. मुल्ला स्टुलावर बसले होते. त्यांनी कागद पुढे न करता नुसता आकडा सांगितला.

"बारा."

"काय बारा?"

"बारा वर्षं, मॅडम. इथे आलेल्या पहिल्या कळपातलं करडू असेल. मी दोनदा मोजलं."

वत्सलाबाईंनी शिंग हातात घेतलं.

"झुबेर, शिंगावर कडं कधी पडतं?"

"उन्हाळ्यात. गवत वाळतं, पोट भरत नाही, शिंगाची वाढ थांबते. पावसात हिरवं मिळालं की पुन्हा सुरू. जिथे थांबली तिथे खूण राहते. वर्षाला एक."

"आणि उन्हाळाभर मऊ हिरवं गवत मिळालं तर?"

मुल्लांनी शिंग त्यांच्या हातातून घेतलं.

"वाढ थांबणारच नाही," वत्सलाबाई स्वतःच म्हणाल्या. "म्हणजे कडं नाही. सिकताकण नाहीत म्हणजे दात झिजणार नाहीत, उलट आधी झिजलेले असतील तर वर येतील. नऊ वर्षांपूर्वी हिच्या शिंगावर दोन-तीन कडी होती, आजही तेवढीच आहेत. जी जनावरं तेव्हाच म्हातारी होती ती एकेक करून मेली. उरली ती तेव्हाची तरणी. कॅमेऱ्याला दरवर्षी म्हातारी कमी दिसली, तर त्यानं सांगितलं कळप तरुण होतोय. घड्याळाचे काटे काढून फेकले आणि वेळ थांबली म्हणून पेढे वाटले आपण!"

"पण करडं? नऊ वर्षांत करडं का नाहीत? माद्या माजावर का येत नाहीत?"

"ते तुम्हीच सांगा. माजाचा इशारा काय असतो?"

"थंड मुलखात दिवस लहान-मोठा होतो, त्यावर ठरतं. पण दक्षिणेत तर दिवसात फारसा..." मुल्ला उभे राहिले. "ताहर पावसाळ्यात माजावर येतो. दोन महिने कडक गवत खाऊन पोट खपाटीला गेलं की एकदम कोवळं हिरवं तोंडी लागतं. तो बदल हाच इशारा. या अल्ला! आपण बदलच काढून टाकला."

"आणि एकालाही संशय आला नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "करडं दिसत नाहीत, कारण नियमच आहे बघायचं नाही असा. दोन वर्षांची जनावरं पडद्यावर भरपूर, म्हणजे करडं जन्मत असणारच. दोन-अडीच वर्षांच्या नरांच्या पाठी पोक्त नरांसारख्या पांढऱ्या झाल्या, तेव्हा टिपणीस काय म्हणाले होते?"

"चांगल्या पोषणामुळे लवकर वयात येतात. मी मान डोलावली होती."

अकरा वाजता समिती आली. अध्यक्षा, चार सदस्य, गुलाबाची फुलं, काजूकतली. सुभद्रा इस्त्रीच्या गणवेशात दाराशी उभी. वत्सलाबाई शिंग आणि मुल्लांचा कागद घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसल्या. मनातून त्या शांत होत्या. सही नाही म्हणजे बी दक्षिणेत जाणार नाही. हा कळप म्हातारा आहे, पण माहेरचे कळप अजून शाबूत आहेत. वेळेवर कळलं, एवढं समाधान होतं.

टिपणीस बोलायला उठले. दात, कानस, उपासमार, सगळं कालच्यासारखंच झालं. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि लहान मुलासारखे हसले.

"आता एक गोड बातमी. आजवर गुपित ठेवली होती. दक्षिणेतली पेरणी आपण चार वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. प्रयोग म्हणून, वरिष्ठांच्या तोंडी परवानगीनं. वाऱ्याबरोबर पराग पसरले आणि आता तिथल्या सगळ्या डोंगरांवर मृदुतृण आहे. तिथल्या कळपांचं सरासरी वय बघा. सहा. साडेपाच. पाच. साडेचार." पडद्यावर आकडे एकेक करून उतरत गेले. "दक्षिणही तरुण होते आहे!"

टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या. वत्सलाबाई पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचत होत्या. त्या कधी उभ्या राहिल्या ते त्यांना कळलं नाही.

"थांबवा त्या टाळ्या!"

सगळे वळले.

"हे शिंग बघा. दोन कडी. वय किती, सर?"

"अडीच," टिपणीस म्हणाले. "पण वत्सलाबाई, ही वेळ..."

"झुबेर, सांगा."

मुल्लांनी सांगितलं. भिंग, दात, कडी, माज, सगळं, सोप्या शब्दांत, एकदाही न अडखळता. "हा कळप तरुण नाही," ते शेवटी म्हणाले. "हा जगातला सगळ्यात म्हातारा रानकळप आहे. नऊ वर्षांत इथे एकही करडू जन्मलेलं नाही. मऊ चाऱ्यानं त्यांचं आयुष्य थोडं वाढलं, हे खरं. म्हणूनच उरलेली आजवर तगली. आता सगळी एकदमच जातील."

"आणि दक्षिणेतली?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांचं वय अजून उतरेल," वत्सलाबाई म्हणाल्या. "दरवर्षी छान उतरत जाईल. शेवटचं जनावर मरेल तेव्हा ते पडद्यावर अडीच वर्षांचं असेल."

टिपणीस टेबलाला धरून उभे होते. "ते उपाशी मरायचे," ते हळू म्हणाले. "माझ्यासमोर मेलाय एक. तोंडात गवताचा घास तसाच. मला एवढंच नको होतं. एवढंच."

वत्सलाबाईंना त्यांची दया आली, आणि दया आली याचा आणखी राग आला. "मग आता त्यांना उपाशी ठेवायची तयारी करा. मूळ गवत परत लावायचं. काही मरतील. ज्या जगतील त्यांतल्या दोन-चार माद्यांना जरी माज आला, तरी खूप झालं. मूळ बी काढा बीजघरातून."

टिपणीस टेबलावरच्या अहवालाची पानं सारखी करू लागले.

"बी काढा म्हणते मी."

"पीडक जातीचं बी ठेवायचं नाही असा नियम होता. मिसळलं असतं. पाच वर्षांपूर्वी जाळलं."

"मग कड्यावरचं. पश्चिमेच्या पट्ट्यांवर भरपूर आहे. चला, आत्ता दोर..." टिपणीसांच्या चेहऱ्याकडे बघून त्या थांबल्या. "काय केलंत तुम्ही?"

"तुम्ही शून्यावर सही करेनात," टिपणीस म्हणाले. "आणि बंदी तुम्ही मोडलीच होती. पहाटे मी ड्रोन पाठवला. तृणदाहक फवारा. सगळ्या पट्ट्या. बीसुद्धा जळतं त्यानं. मला वाटलं, शून्य खरं झालं की तुमची अडचण..."

पुढचं ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. वत्सलाबाईंच्या तोंडातून जी शिवी गेली ती समितीच्या इतिवृत्तात आली नाही. त्यांनी हातातलं शिंग टेबलावर आपटलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दाराशी उभ्या असलेल्या सुभद्राला ते बघवलं नाही. ती पुढे आली आणि आपल्याकडे बायामाणसं एकमेकींचं दुःख बघून काहीतरी हातानं करत राहतात तशी बाईंच्या स्वेटरवरची कुसळं वेचून खाली टाकू लागली.

"किती वो टोचत असत्याल ही... कालपासून तशीच..."

एक पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला वत्सलाबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"टाकू नकोस!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की सुभद्रा रडकुंडीला आली. "एकही टाकू नकोस. प्रत्येकाच्या टोकाला बी आहे."

त्यांनी स्वेटर अंगातून काढला, उलटा केला, टेबलावर काजूकतलीच्या ताटाशेजारी पसरला. कडेकुसळी तेवढीच उरली होती. पाठीवर, बाह्यांत, काखेच्या शिवणीत रुतलेली.

"हात पुढे करा," त्या टिपणीसांना म्हणाल्या.

टिपणीसांनी हात पुढे केला. बाईंनी एकेक कुसळ उपसून त्यांच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली. चौथं-पाचवं आत रुतलं तसे ते कळवळले.

"मूठ मिटू नका," वत्सलाबाई म्हणाल्या. "टोचू दे."

मुल्ला पायमोज्यांतली शोधायला बाईंच्या खोलीकडे पळाले. सुभद्रा जमिनीवर बसून मघाशी टाकलेली दोन चाचपडत होती आणि मोठ्यानं रडत होती. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला, खुर्ची मागे सरकवली आणि त्याही टेबलाखाली वाकल्या. वर पडद्यावर सरासरी वय अडीच वर्षंच होतं. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.